शेजाऱ्यांना न विचारता कुंपण बदललं, आता ते निम्मे पैसे देत नाहीत

प्रश्न: आमच्या आणि शेजारच्यांच्या मध्ये लाकडी कुंपण होतं. चार खांब कुजून ते आमच्या बाजूला कललं म्हणून मी सगळंच काढून नवीन, जरा उंच करून घेतलं. निम्मं बिल दिलं तर म्हणतात, "आम्हाला विचारलं होतं का?" आता बोलणंच बंद आहे. वकिलाची नोटीस पाठवू का?

उत्तर: नोटिशीचं थांबवा प्लीज, कारण ती एकदा त्यांच्या दारात गेली की पैसे राहतात बाजूला आणि विषय मानापमानाचा होतो. आणि खरं सांगू का, त्यांचा राग मला समजतो, सगळं झाल्यावर थेट बिल हातात आलं की कुणीही चिडेल.

आधी कुंपण नेमकं कुठे होतं ते बघा. हद्दीवरच असेल तर सहसा दोघांचं, पण पूर्ण तुमच्या जागेत असेल तर बहुतेक ते तुमचंच धरलं जातं, मग निम्मं मागायला आधार राहत नाही. खरेदीखत आणि नकाशा काढून बघा, तिथले नियमही विचारून घ्या.

आता मुख्य मुद्दा. चार खांब बदलणं ही दुरुस्ती, पण बाकीचं नवीन काम आणि वाढवलेली उंची ही तुमची हौस, त्याचे पैसे त्यांच्याकडे मागूच नका. फक्त चार खांबांना किती खर्च आला असता ते दोन मिस्त्रींकडून लिहून घ्या आणि त्याच्या निम्मे मागा. जुने खांब किंवा फोटो असतील तर जपून ठेवा. लाकूड बहुतेक वेळा जमिनीलगत कुजतं कारण तिथे ओल पण असते आणि हवा पण लागते, तेव्हा वयोमानाने गेलं असेल तर निम्मं-निम्मं ठीक आहे, पण एकाच बाजूचं पाणी सतत तिथे मुरत असेल किंवा एकाच्या झाडाच्या मुळांनी खांब ढकलला असेल तर त्याने जास्त द्यावं, आणि ते पाणी तुमचं निघालं तर तेही मान्य करा.

मग मेसेज न करता समोर जाऊन बोला, "न विचारता केलं, चुकलं माझं" हे आधी म्हणा, आकडा नंतर सांगा. हप्त्याने देतो म्हणाले तर हो म्हणा. नाहीच जमलं तर दोघांचाही विश्वास असलेला तिसरा माणूस मध्ये घ्या, कारण चार खांबांच्या निम्म्या पैशांपेक्षा वकिलाची फी सहज जास्त होईल. ठरेल ते कागदावर लिहून दोघांनी सह्या करा आणि त्यातच पुढच्या दुरुस्तीचंही घाला, की आधी कळवायचं आणि कोटेशन दोघांनी बघूनच काम सुरू करायचं.