एनबीएमधल्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) सतत हरणाऱ्या संघातून चांगले खेळाडू बाहेर का पडू पाहतात? पगार तर तिथेही मिळतोच.

कारण पगार मिळत राहतो, पण खेळाडूची उमेदीची वर्षं वाया जातात आणि ती परत मिळत नाहीत. केव्हिन लव्हचं उदाहरण बघा. २०१०-११ मध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्हजकडून खेळताना सामन्यामागे सरासरी रिबाउंड (बास्केट हुकून परत आलेला चेंडू पकडणं) घेण्यात तो अख्ख्या लीगमध्ये पहिला होता, न्यूयॉर्कविरुद्ध तर एकाच सामन्यात ३१ गुण आणि ३१ रिबाउंड. तरीही संघाने त्या हंगामात ८२ पैकी फक्त १७ सामने जिंकले. तिथल्या सहा हंगामांत त्याला चार प्रशिक्षक लाभले, म्हणजे दर वेळी नवी पद्धत, नव्याने बसवलेली घडी, आणि प्लेऑफचा (साखळी फेरीनंतरच्या बाद फेरीचा) एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. माझ्या मते पराभवापेक्षा ही अस्थिरता जास्त खचवते. २०१२ मध्ये करार वाढवताना त्याने तीन वर्षांनी बाहेर पडायची मुभा ठेवली होती. त्यामुळे तो फुकटात हातचा जाण्याआधी, २०१४ मध्येच, संघाने त्याला अदलाबदलीत क्लीव्हलंडच्या संघाला दिलं. २०१६ मध्ये तो तिथे विजेता ठरला.

मात्र नुसतं हरणं हे कारण पुरत नाही. यानिस अँटेटोकुंपोच्या पहिल्या हंगामात (२०१३-१४) मिलवॉकी बक्सने ६७ सामने गमावले होते. पण पुढे संघ सुधारत गेला, यानिस तिथेच राहिला आणि २०२१ मध्ये त्याच संघाला विजेतेपद मिळवून दिलं. व्यवस्थापन काहीतरी उभं करतंय हे दिसलं, तर खेळाडू कळ काढतात.