पापण्या दाट करणारे थेंब खरंच काम करतात का? लग्नाआधी सुरू करू का?

तुमच्या मैत्रिणीने सुचवलेले थेंब मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय द्यायला तयार आहे आणि लग्न दोन महिन्यांवर आलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. या थेंबांनी पापण्या वाढतात हे खरं आहे, पण तुमच्या लग्नासाठी ते सुरू करू नका असंच मी सांगेन.

हे औषध म्हणजे बिमॅटोप्रोस्ट. मुळात ते काचबिंदूचं, डोळ्यातला दाब कमी करणारं. काचबिंदूचे रुग्ण ते रोज रात्री घालू लागले आणि त्यांच्या पापण्या लांब, जाड, काळ्या होऊ लागल्या. एकाच डोळ्यात थेंब घालणाऱ्यांमध्ये तर दोन डोळ्यांतला फरक सहज दिसतो. तो दुष्परिणामच पुढे उपचार झाला. २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने ०.०३ टक्के बिमॅटोप्रोस्टला विरळ पापण्यांसाठी मान्यता दिली आणि 'लॅटिस' या नावाने ते बाजारात आलं. पापणीचा प्रत्येक केस काही आठवडे वाढतो, मग थांबतो, मग गळतो. हे औषध त्यातला वाढीचा काळ लांबवतं.

मान्यतेआधीच्या चाचणीत २७८ जण होते. १६ आठवड्यांनी औषध लावणाऱ्यांपैकी ७८ टक्के लोकांच्या पापण्यांत ठळक सुधारणा दिसली, औषध नसलेलं नुसतं द्रावण लावणाऱ्यांत १८ टक्के. लांबी सरासरी २५ टक्क्यांनी वाढली. म्हणजे आकडे चांगले आहेत, पण ते १६ आठवड्यांचे आहेत. तुमच्याकडे आठच आहेत. शिवाय लाली आणि खाज हे त्रास बहुधा सुरुवातीलाच होतात, आणि हळदीच्या दिवशी लाल डोळे कुणाला हवेत? औषध बंद केलं की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पापण्या पूर्वीसारख्या होतात, हेही लक्षात ठेवा.

आता दुष्परिणामांबद्दल, कारण मैत्रिणी हे सांगत नाहीत. पापणीच्या कडेची त्वचा काळवंडू शकते. बंद केल्यावर बहुतेकांची पूर्ववत होते, पण तोवर काजळ पसरल्यासारखं दिसतं. बुबुळाचा रंग गडद झाला तर तो बहुधा कायमचा राहतो. आपले डोळे आधीच गडद तपकिरी असल्याने तो सहसा जाणवत नाही, पण घाऱ्या डोळ्यांच्या व्यक्तीने विचार करायलाच हवा. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती डोळ्याभोवतीची चरबी कमी होण्याची. डोळे खोल गेल्यासारखे, थकलेले दिसू लागतात. सुंदर दिसण्यासाठी घेतलेल्या औषधाने असं व्हावं, हे फार वाईट वाटतं.

कधी डोळ्याला आतून सूज येऊन गेली असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा. काचबिंदूचे थेंब आधीपासून चालू असतील तर तेही.

लग्नानंतर निवांतपणे हा उपचार करावासा वाटला तर डोळे तपासून, चिठ्ठीवर घ्या. भारतात बिमॅटोप्रोस्ट बहुधा काचबिंदूचे थेंब म्हणून मिळतं, सोबत लावायचा ब्रश मिळतोच असं नाही. मग लोक थेट डोळ्यात टाकतात किंवा आयलायनरच्या ब्रशने लावतात. तसं करू नका. रोज रात्री मेकअप आणि लेन्स काढून, चेहरा धुऊन, प्रत्येक डोळ्याला नवा निर्जंतुक ब्रश घेऊन फक्त वरच्या पापणीच्या मुळाशी एक थेंब फिरवायचा. जास्तीचा टिपून घ्यायचा, कारण औषध जिथे वारंवार लागेल तिथे, अगदी गालावरही, केस उगवू शकतात.

आणि एक प्रश्न मला तुम्हालाच विचारायचाय. तुमच्या पापण्या पहिल्यापासून विरळ आहेत की अलीकडे गळायला लागल्या? गळत असतील, कडेला कोंड्यासारखे खवले दिसत असतील, सकाळी डोळे चिकटत असतील, तर ती पापण्यांच्या कडेची सूज असू शकते. थायरॉइडनेही केस जातात, चाई पापण्यांवरही पडते, आणि चिकटवलेल्या एक्स्टेन्शनच्या ओढीनेही पापण्या तुटतात. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. तेव्हा या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवून घ्या. लग्नाच्या दिवसापुरता चांगला मस्कारा किंवा तात्पुरत्या पापण्या पुरतील. फक्त त्यांचा गोंद आठवडाभर आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहा, आणि त्या रात्री कितीही दमलात तरी सगळं काढूनच झोपा.