टर्बो इंजिनची गाडी दोन लाख किलोमीटर टिकावी म्हणून काय काळजी घ्यावी?

ऑइल वेळेवर बदला, ग्रेड मॅन्युअलमधलाच टाका, हे तुम्हाला माहीतच असेल. मी बोलणार गाडी बंद करण्याबद्दल, कारण माझा टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, माझ्या साडूने मारला आणि तो अजून कबूल होत नाही.

माझी डिझेल गाडी तो दर पंधरवड्याला चाळीसगावहून संभाजीनगरला न्यायचा. मे महिना, पाच माणसं, एसी फुल. कन्नड घाट चढून वर आला की टपरीसमोर उभी करून लगेच चावी बंद. त्यातही बंद करण्याआधी एक जोरदार रेस! ही सवय घरच्या जुन्या मेटाडोरपासूनची. दोन मिनिटं न्यूट्रलला चालू राहू दे म्हटलं की उत्तर ठरलेलं, "डिझेल फुकटनं शे का?" अहो, दोन मिनिटांत जेवढं डिझेल जळतं, त्यापेक्षा जास्त चहा त्याच्या कटिंगमध्ये असतो.

घाटात टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. इंजिन बंद झालं की ऑइल पंप बंद. शाफ्ट मात्र फिरतोच आहे, शेजारी टर्बाइन, म्हणजे धुराकडचं चाक, तापून लाल. तिथं अडकलेल्या ऑइलचा कोळसा होतो. रेस मारून बंद करणं म्हणजे फेरे वाढवायचे आणि ऑइल तोडायचं.

९४ हजारावर आधी शिट्टी, मग पिकअप गेला, मग निळा धूर. धुळ्याच्या मिस्त्रीने टर्बो खोलून शाफ्टचं टोक माझ्या चिमटीत दिलं. डुगडुगत होतं, पाती टर्बोच्या कवचाला घासून चकाकत होती. ऑइलची नळी फरशीवर आपटली तर काळे पापुद्रे पडले, भरिताच्या भाजलेल्या वांग्याचे सुटतात तसे. बिल ३८ हजार. साडू म्हणाला, "ऑइलच हलकं टाकलं असशील."

बाकी, सकाळी गाडी सुरू केल्या केल्या रेस देऊ नका, तापमानाचा काटा वर येईपर्यंत हळू चालवा. इकडच्या धुळीत एअर फिल्टर लवकर बदला. त्यातून निसटलेली माती थेट टर्बोच्या हवेकडच्या चाकाच्या, म्हणजे कंप्रेसरच्या, पात्यांवर जाते.

हां, शेवटचे दोन-तीन किलोमीटर गावातून हळू आला असाल तर थांबायची गरज नाही. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत टर्बोला पाणी फिरतं, काहींत बंद केल्यावरही पंप चालतो. साडूच्या नव्या गाडीत तो आहे, म्हणून आता म्हणतो, "बघ, मी बरोबर होतो." मग कंपनीने तो पंप कशाला बसवला, विचारलं की दुसरा चहा मागवतो.