फोटोतली बाई

प्रश्न : माझी मुलगी पुढच्या आठवड्यात एक वर्षाची होईल. बाळाच्या पहिल्या वर्षाच्या आठवणी लिहायची वही मी ती जन्मायच्या आधीच आणून ठेवली होती. परवा भरायला बसले, तर पहिल्या तीन महिन्यांची पानं कोरीच राहिली. काही म्हणजे काही आठवत नाही. फोटो आहेत, पण त्यातली बाई परकी वाटते. आणखी एक, जे मी कुणाजवळ बोलले नाही. तिला पहिल्यांदा हातात दिलं, तेव्हा मला माया दाटून आली नाही. नुसती भीती वाटली. आता तिच्याशिवाय करमत नाही, पण ते मनातून जात नाही. शिवाय ती अजून चालत नाही. मी कुठे कमी पडले का?

उत्तर : चालण्याचं आधी सांगते, म्हणजे ती काळजी बाजूला पडेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागतात ती आठव्या महिन्यापासून जवळजवळ अठराव्यापर्यंत कधीही. बाराव्या महिन्यात चालत नाही म्हणजे उशीर झाला, असं नाहीच.

आता मायेचं. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. त्याला माझ्याकडे दिलं, तेव्हा मी त्याची नखं बघत बसले होते. कागदासारखी पातळ, बोटांच्या टोकांपुढे आलेली. मनात एवढंच, की माझ्या हातून याला काही झालं तर? माया वगैरे काही सुचलं नाही. पुष्कळ वर्षं मलाही ते कुणाला सांगायची लाज वाटायची. आज वाटत नाही. ज्याचं आपल्याला काहीच नाही, त्याच्यासाठी कुणी इतकं घाबरतं का?

आठवत नाही, याचंही वाईट वाटून घेऊ नका. आठवण पक्की व्हायला झोप लागते, आणि तुमच्या झोपेचे तर तेव्हा दोन-दोन तासांचे तुकडे झाले होते.

पण जरा मुलीच्या बाजूने बघा. नवजात बाळाला स्पष्ट दिसतं ते वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत. कुशीत घेऊन दूध पाजताना आपला चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. दिवसातून आठच वेळा घेतलंत असं धरलं, तरी तीन महिन्यांत ७०० हून जास्त वेळा तुम्ही तिच्यासमोर होतात. पेंगत होतात, रडत होतात, केस विंचरलेले नव्हते. तिने तोच चेहरा पाठ केला. पुढे आठव्या-नवव्या महिन्यात कुणी अनोळखी माणसाने उचललं की ती भोकाड पसरून तुमच्याकडे झेपावली असेल. ती ओळख त्या कोऱ्या पानांच्या दिवसांतच झाली. फोटोतली बाई तुम्हाला परकी वाटते; तुमच्या मुलीला विचारलंत तर ती बोट दाखवेल.

एक मात्र मोकळेपणाने विचारते. अजूनही दिवसचे दिवस उदास जातात का? बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही, असं होतं का? तसं असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि भीतीची गोष्टही त्यांना सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात केव्हाही येऊ शकतं आणि उपचारांनी बरं होतं. ‘आता वर्ष झालं, आता काय सांगायचं’ असं म्हणू नका.

कोरी पानं कोरीच राहू द्यात. कुठून तरी वाचून, दुसऱ्याला विचारून ती भरू नका. त्याऐवजी या आठवड्यातलं लिहा. ती जमिनीवरचा एखादा केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कसा पकडते, तो उचलून तुमच्याकडे कशी बघते, तुम्ही खोलीबाहेर गेलात की दाराकडे किती वेळ टक लावून बसते.

तुमचं पत्र वाचून मी माझी जुनी वही काढली. तिच्यात आठवणी नाहीतच, नुसत्या दूध पाजल्याच्या वेळा आहेत. २.१०, डावी बाजू. ३.४०, परत. अक्षर ओळींवरून घसरत गेलेलं. सातव्या आठवड्यात मात्र दोन वेळांच्या मध्ये लिहिलंय, ‘मला बघून हसला.’ पेन इतकं दाबलंय की ती अक्षरं पुढच्या पानावर उमटली आहेत.