रविवारी रात्री दुकानातून फोन कोण लावतं?

प्रश्न: काका नमस्कार. सियागंजात आमचं किराणा-मसाल्याचं होलसेलचं दुकान आहे आणि सांवेर रोडला गोडाऊन. ०७३१ च्या तीन लँडलाइन वडिलांच्या वेळेपासून आहेत पण रस्ता खोदला की बंद, आणि रस्ता हल्ली कायमच खोदलेला असतो. मुलगा म्हणतो आता नेटवाला फोन घ्या. तिघंजण कोटेशन देऊन गेलेत. पहिला म्हणतो दुकानातच फोन-सिस्टीमचा डबा बसवतो, एकदाच पैसे, महिन्याचं भाडं नाही. दुसरा क्लाउडवाला, म्हणजे डबा त्याच्याकडेच, आपण नुसते नेटवरून जोडलेले, माणशी महिन्याचे पैसे घेणार. तिसरा सगळ्यात स्वस्त, म्हणतो कागदपत्रंबिगदपत्रं काही नको, ॲप टाका, अमेरिकेचा नंबर देतो, लावा कुठेही. मी घेऊनच टाकला असता पण क्लॉथ मार्केटातल्या एका ओळखीच्यांकडे असाच डबा होता, सोमवारी दुकान उघडलं तर रविवारच्या रात्रीत कुठल्या कुठल्या देशांत कॉल लागलेले, बिल लाखाच्या वर, आणि दुकानाला तर कुलूप होतं! आमचे भाव कोणी ऐकेल ही पण भीती आहेच. सेफ कुठला ते सांगा.
(एक वाचक, सियागंज, इंदूर)

उत्तर: अहो, तुमचे जिऱ्याचे भाव ऐकायला कोणी हॅकर रात्रभर जागत नाही, ते शेजारच्या दुकानदाराला तसेही माहीत असतात. तुमच्या ओळखीच्यांचं जे झालं ना, खरी भीती ती. चोराला तुमचं बोलणं नकोय, तुमची लाइन हवीये.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण एकदा हे कळलं की कोटेशन वाचायची नजरच बदलते. नेटवरचे फोन ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिला सिप म्हणतात आणि तिचं ठरलेलं दार म्हणजे ५०६० नंबरचं पोर्ट. बसवणाऱ्याने ते दार नेटवर उघडं ठेवलं (आणि बाहेरून मोबाइल जोडता यावा म्हणून बरेचजण ठेवतात) की जगभर चोवीस तास फिरणारे प्रोग्राम येऊन टकटक करतात, एक्स्टेन्शन (म्हणजे दुकानातल्या एकेका फोनचा आतला नंबर) १००, १०१, १००१, पासवर्ड तोच नंबर नाहीतर १२३४. माणूस नसतो हो तिथे, मशीनच करतं सगळं. एक जरी लागला की तुमच्या खात्यावरून लांबच्या देशातल्या महागड्या नंबरांवर एकदम वीसवीस कॉल सुरू. त्या नंबरांचा मिनिटाचा दर जबर असतो आणि त्यातला हिस्सा ज्याने नंबर घेऊन ठेवलाय त्याच्या खिशात जातो. म्हणून हे शनिवार-रविवारच्या रात्री, सणासुदीला, कोणी बघणारं नसताना होतं. आणि कॉल खरोखरच तुमच्या खात्यावरून गेलेला असतो त्यामुळे कंपनी म्हणते बिल तुमचंच, भांडत बसा.

तेव्हा विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न एन्क्रिप्शनचा (म्हणजे बोलणं कुलूपबंद करण्याचा) नाही, पहिला प्रश्न हा की विदेशाचे कॉल तुमच्याकडून बंद करून मिळतात का. तुमच्याकडून म्हणजे कंपनीच्या बाजूने, आमच्या डब्यात नाही, कारण डब्यात चोर शिरला तर डब्यातली सेटिंग तोही बदलू शकतो, कंपनीकडची नाही बदलू शकत. तुमचं गिऱ्हाईक देवास, उज्जैन, खंडवा, फार तर बुऱ्हाणपूर, तुम्हाला आयएसडी लागतंच कशाला? दुसरं, दिवसाला अमुक रुपयांच्या वर गेलं की लाइन आपोआप थांबेल का, आणि एका वेळी किती कॉल लागू शकतील त्याला लगाम आहे का. प्रीपेड असेल तर उत्तमच, चोरी झालीच तर जेवढं भरलंय तेवढंच जाईल. हे तीनही लेखी द्या म्हणावं. जो “सर ते बघू नंतर” म्हणतो त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

आता ऐकण्याचं. दोन शब्द लक्षात ठेवा, टीएलएस आणि एसआरटीपी. टीएलएस म्हणजे कोण कोणाला लावतंय ती बोलणी झाकणं, एसआरटीपी म्हणजे प्रत्यक्ष आवाज झाकणं. सेल्सवाला एकच आहे म्हणाला तर थांबा, कारण आवाजाच्या कुलपाची किल्ली बहुतेक ठिकाणी त्या आधीच्या बोलण्यातूनच जाते, ते उघडं असेल तर तिजोरीला कुलूप लावून किल्ली तिच्याच कडीला लटकवल्यासारखं आहे. दोन्ही हवं. आणि दोन्ही असलं तरी ते तुमच्या दुकानापासून कंपनीच्या मशीनपर्यंतच, पुढे कॉल खरगोनच्या शेतकऱ्याच्या बटणाच्या मोबाइलवर जातो तेव्हा तो साधाच कॉल असतो. “एंड टू एंड, कोणीच ऐकू शकत नाही” असं त्या कॉलबद्दल जो सांगेल तो एकतर शिकलेला नाही नाहीतर तुम्हाला शिकवतोय.

तिसऱ्याला, त्या अमेरिकावाल्याला, सरळ नाही म्हणा. आपल्याकडे २००२ पासून नेटवरून विदेशातल्या फोनला लावायला परवानगी होती पण देशातल्या देशात नेटवरून साध्या फोनला लावता येत नव्हतं, ते २०१८ मधे खुलं झालं आणि तेही लायसन्स असलेल्या कंपन्यांनाच. त्यामुळे बाकी दोघांनाही विचारा की लायसन्स कोणाच्या नावावर आहे, तुमच्या की तुम्ही ज्याच्याकडून घेऊन विकता त्याच्या. केवायसी मागत नाहीत ही सोय नाहीये, उद्या त्याच नंबरावरून कोणी फसवलं तर दारात पोलीस कोणाच्या येणार? आणि कोणी पंचवीस-तीस सिम घातलेला डबा “तुमच्या वायफायवर नुसता ठेवून द्या, महिन्याला भाडं देतो” म्हणून आला तर तो सिम बॉक्सचा, म्हणजे विदेशी कॉल चोरून लोकल म्हणून दाखवण्याचा धंदा आहे, जेलमधे नेणारा, मुलालाही सांगून ठेवा.

डबा वाईट नसतो बरं का. ॲस्टरिस्क नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे, बहुतेक डबे त्याच्याच पोटावर चालतात आणि चांगले चालतात. प्रश्न एवढाच की त्याचे अपडेट कोण टाकणार. जो पोरगा आज बसवून जातोय तो सहा महिन्यांत पुण्याला नोकरीला लागतो आणि मग डब्याचा पासवर्डसुद्धा कोणाला माहीत नसतो, मी हे दोनदा बघितलंय. दुकानात आयटीचा माणूस पगारावर नसेल तर माझं मत क्लाउडवाल्याच्या बाजूने, त्याला महिन्याचे पैसे द्या आणि वरचे प्रश्न विचारून पिळून घ्या. पॅनेलला, म्हणजे सगळ्या सेटिंग जिथून होतात त्या पानाला, ओटीपीवालं लॉगिन हवं. माणूस सोडून गेला की त्याचं एक्स्टेन्शन त्याच दिवशी काढा, टेबलावरच्या फोनचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला.

एक गोष्ट क्लाउडवाल्यांचीही. मार्च २०२३ मधे ३सीएक्स या नावाजलेल्या कंपनीचं कॉम्प्युटरवरचं ॲपच हॅकरांनी आतून बाटवलं होतं आणि ते कंपनीच्याच अधिकृत अपडेटमधून लोकांकडे गेलं. म्हणजे चांगली कंपनी घेतली तरी फोनचं ॲप टॅलीच्या आणि बँकेच्या कॉम्प्युटरवर टाकू नका. टेबलावरचा फोन घ्या नाहीतर वेगळा मोबाइल ठेवा.

बाकी किरकोळ. स्पीडची काळजी नको, एका कॉलला जी.७११ या आवाज पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत जाताना साधारण ८७ केबीपीएस आणि येताना तेवढंच लागतं, सहा जण एकदम बोलले तरी एका बाजूला अर्ध्या एमबीपीएसच्या जरा वर. आवाज एकाच बाजूने येत असेल तर राउटरमधलं सिप एएलजी (नेटवरच्या फोनच्या बोलण्यात मधेच हात घालणारी सेटिंग) बंद करून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. लाइट गेली की मात्र हा फोन मेला, जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे म्हणून ती अंधारातही वाजायची, तेव्हा राउटर, फायबरचा डबा आणि फोन तिन्ही यूपीएसवर घ्या आणि लाइन मेली तर कॉल मोबाइलवर वळेल असं करून ठेवा. आणि जुने ०७३१ चे नंबर नव्या सिस्टीमवर येतील की नाही हे लेखी मिळेपर्यंत लँडलाइन कटवू नका, वडिलांच्या वेळेचे नंबर आहेत, अर्ध्या माळव्याच्या वहीत असतील.

प्रश्न: माझा दाताचा दवाखाना आहे. नव्या फोनवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, चालतं का?
(लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: डॉक्टर, पेशंटला माहीत नसेल तर नाही चालत. माहिती ज्याची घेता त्याला कशासाठी घेता ते सांगा हाच २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा गाभा आहे, आणि दाढेबरोबर लोक फोनवर शुगर, बीपी, गरोदरपण सगळं बोलतात. अपॉइंटमेंट घ्यायला रेकॉर्डिंग लागतंच कशाला? बंदच करा. ठेवायचंच तर सुरुवातीला सूचना वाजू द्या, तीस दिवसांनी आपोआप पुसलं जाईल असं लावा, आणि ऐकायचा हक्क रिसेप्शनवरच्या मुलीला नको, फक्त तुम्हाला.

प्रश्न: आमच्या कंपनीच्या नंबरवरून पार्ट्यांना फोन जातायत की बँक खातं बदललं, नव्या खात्यात पैसे टाका. आम्ही केलेच नाहीत! सिस्टीम हॅक झाली का?
(मांजलपूर, बडोदा)

उत्तर: आधी पॅनेलमधे कॉलचा लॉग काढा. त्यात ते कॉल दिसले तर कोणीतरी आत शिरलंय, सगळे पासवर्ड आत्ता बदला आणि कंपनीला फोन करून लाइन थांबवा. लॉगमधे नसतील तर सिस्टीम बहुधा ठीक आहे, कोणीतरी बाहेरून तुमचा नंबर नुसता दाखवतंय, आणि ते तुमच्या कुठल्याही सेटिंगने थांबत नाही, कितीही महागडी सर्व्हिस घ्या. सरकारच्या संचार साथी साइटवर फसवे कॉल कळवायला चक्षू आहे तिथे तक्रार टाका, कोणाचे पैसे गेले असतील तर त्यांनी वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावायचं, पहिल्या तासाभरात कळलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि आजच सगळ्या पार्ट्यांना कळवा की खातं बदलल्याचा फोन आला तर तो ठेवून आमच्या जुन्या नंबरावर स्वतः उलट लावा. पुढच्या बिलबुकावर हीच ओळ खाली ठळक छापून घ्या, गुजरातीतून पण.