दाखल, दखल आणि साइटमॅप

तासगावच्या एका बेदाणा विक्रेत्याने विचारलंय : 'ऑनलाइन दुकानाचा साइटमॅप गुगलला सबमिट केला, याला मराठीत "गुगलकडे नोंदणी केली" म्हटलं तर चालेल का?'

नाही चालणार. सांगलीच्या हळदवाल्यांपासून साताऱ्याच्या कंदी पेढेवाल्यांपर्यंत जो तो हल्ली 'गुगलला नोंदणी झाली' म्हणतो आणि वेबसाइट करून देणारेही त्यांना हेच शिकवतात. नोंदणी म्हणजे वहीत चढलं, क्रमांक पडला, काम झालं. खरेदीखताची होते ती नोंदणी. साइटमॅप ही दुकानातल्या पानांच्या पत्त्यांची नुसती यादी. एका फाइलीत जास्तीत जास्त ५०,००० पत्ते. ती सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात द्या, बिंगच्या तशाच वेबमास्टर टूल्समध्ये द्या, नाहीतर रोबोट्स डॉट टीएक्सटी या सर्च इंजिनांसाठी साइटवर ठेवलेल्या फाइलीत तिचा पत्ता लिहून ठेवा. कुठलं पान आपल्या शोधयादीत, म्हणजे इंडेक्समध्ये, घ्यायचं ते सर्च इंजिनच ठरवणार.

म्हणून 'दाखल करणे'च म्हणा. 'सादर करणे' चूक नाही, पण दाखलमध्ये जे आहे ते त्यात नाही. अरबीत दख़्ल म्हणजे शिरणं, दाख़िल म्हणजे आत शिरलेला. मराठीने दोन्ही घेतले आणि त्यांना कामं वाटून दिली : कागद आपण दाखल करायचा, दखल समोरच्याने घ्यायची. हिंदीत 'दखल देना' म्हणजे ढवळाढवळ करणं. आपण त्याच शब्दाला 'घेणे' जोडून लक्ष घालण्याचा अर्थ दिला. पोलिसांच्या भाषेतले दखलपात्र आणि अदखलपात्र गुन्हे त्यातूनच आले. सर्च कन्सोल उघडून बघा : साइटमॅपपुढे 'यशस्वी' असतं, म्हणजे फाइल वाचली गेली, आणि पानांच्या अहवालात कित्येक पानांपुढे 'सापडलं, पण अजून इंडेक्समध्ये नाही' अशी ओळ असते. दाखल झालं, दखल घेतलेली नाही. एवढा नेमका भेद एकाच धातूतून दाखवणारी जोडी हाताशी असताना नोंदणी कशाला हवी?

'दाखला'ही याच घरातला. तो मराठी 'दाखवणे'वरून आला असं ठासून सांगणारे भेटतात, 'दाखवायचा तो दाखला' म्हणतात. साफ चूक. दाखवणे प्राकृतातून आलेलं, त्याचं मूळ संस्कृत दृश्. दाखल्याशी त्याचं रक्ताचं नातं नाही. माझं मत मात्र असं की शेजाराचा परिणाम झालाच. दाखला मुळात दप्तरात दाखल झाल्याचा कागद. शेतसारा भरल्याची पावती ती हीच. 'दाखला देणे' म्हणजे उदाहरण देणे, हा अर्थ त्याला चिकटला तो कानाला दाखवणे ऐकू येत होतं म्हणून. कुणाला पटत नसेल तर त्यांनी उदाहरणाचा अर्थ दुसऱ्या कुठल्या वाटेने आला ते दाखवावं. नुसती मान हलवून भागणार नाही.

बेदाणेवाल्यांना आणखी एक. साइटमॅपमध्ये प्रत्येक पत्त्याखाली लास्टमॉड म्हणून तारीख टाकता येते, पान शेवटचं कधी बदललं त्याचा दाखला. गुगल ती तारीख मानतं, पण सातत्याने खरी निघाली तरच. भावही बदलला नाही, वर्णनही नाही, तरी रोज आजची तारीख टाकणारी दुकानं आहेत. त्यांच्या दाखल्याची मग दखल घेतली जात नाही.