हॉर्नच्या पेट्या घरी बांधा, पण चार नको, दोन

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मंडप डेकोरेटरने विचारलंय: वर्षाला तीसेक कार्यक्रम होतात, प्रत्येक वेळी साउंड बाहेरून 6,000 रुपये भाड्याने आणावा लागतो. म्हणून 18 इंची स्पीकरच्या, हॉर्नच्या (आत घड्या घातलेल्या भोंग्याच्या) चार हलक्या बेस पेट्या आणि दोन टॉप (वरचे सूर आणि बोलणं देणाऱ्या पेट्या) घरीच बांधायचे. खर्च असा: बेसचे स्पीकर 96,000, टॉपचे स्पीकर आणि हॉर्न 56,000, अँप्लिफायर व प्रोसेसर 1,10,000, प्लाय-कटिंग-रंग-हार्डवेअर 78,000, केबल आणि कव्हर 20,000. एकूण 3,60,000. असाच तयार सेट 5,40,000 ला मिळतो, म्हणजे 1,80,000 वाचले. 60,000 घरचे, 3 लाख मुद्रा कर्ज, 12 टक्क्यांनी तीन वर्षं. 2 लाखांची एफडी आणि बचत खात्यात 1,20,000 आहेत. घरखर्च महिना 22,000.

हे 1,80,000 वाचले, असं धरू नका. तो तयार सेट तुम्ही एरवीही घेतलाच नसता. तुमची खरी तुलना सध्याच्या भाड्याशी आहे.

तीस कार्यक्रमांचे 1,80,000 भाडं वाचेल हा हिशोबही कागदावरचाच. लग्नाच्या दाट तिथीला तुमचे दोन-दोन मंडप असतात, तेव्हा दुसऱ्यासाठी साउंड बाहेरूनच येणार. घरचा सेट वीस ठिकाणी लागला तरी पुष्कळ. वीस गुणिले 6,000 म्हणजे 1,20,000. त्यातून दर खेपेला दोन गडी आणि डिझेल मिळून 1,800 धरले तर 36,000 गेले. रिकोन (स्पीकरचा फाटलेला पडदा बदलणं), डायफ्राम (टॉपच्या हॉर्नमधला पातळ पडदा), कनेक्टर यांना वर्षाला 25,000. उरले 59,000. तीन लाखांचा हप्ता मात्र 9,964, वर्षाचे जवळजवळ 1,20,000. दरवर्षी साठ हजार मंडपाच्या कमाईतून घालावे लागतील. हा बेत या आकाराचा करू नका.

अर्धा करा. दोन बेस पेट्या घरी बांधा आणि टॉप बांधूच नका. शेजारच्या गावातली वापरलेली टॉपची जोडी 45,000 ला मिळतेय असं तुम्हीच लिहिलंय, ती घ्या. टॉपमध्ये हॉर्नचा कोन, क्रॉसओव्हर (कुठले सूर कुठल्या स्पीकरला जातील ती वाटणी) आणि दोन स्पीकरची वेळ जुळवायला मोजमापाचा माइक लागतो. नुसत्या कानाने जुळवलेल्या टॉपवर भाषण कर्कश येतं आणि गिऱ्हाईक पुन्हा बोलवत नाही. जोडी घेताना हळू आवाजात खालून वर चढत जाणारा सूर (स्वीप) लावून दोन्ही टॉप आलटून पालटून ऐका. एकात खरखर आली तर डायफ्रामची किंमत वजा करून बोला.

मग हिशोब असा: टॉप 45,000, बेसचे दोन निओडिमियम (हलक्या चुंबकाचे) स्पीकर 48,000, प्लाय आणि कटिंग 24,000, अँप व प्रोसेसर 55,000, केबल-कव्हर 8,000. एकूण 1,80,000. घरचे 60,000 आणि कर्ज 1,20,000, हप्ता 3,986, वर्षाचे साधारण 47,800. हळद, बारसं, शाळेचं गॅदरिंग, सभा अशा चौदा कामांना हा सेट पुरेल. 84,000 मधून गडी-डिझेलचे 25,200 आणि दुरुस्तीचे 10,000 वजा जाता 48,800 राहतात. हप्ता जेमतेम निघतो, पण निघतो. मोठ्या कामांना भाड्याचा साउंड चालू ठेवा.

हा जेमतेम हिशोब पेटीच्या वजनावर उभा आहे. 18 मिमी बर्च (जड लाकडाच्या) प्लायची 8 बाय 4 फुटांची शीट सुमारे 36 किलो भरते. अशा पेटीला साधारण दीड शीट लागते, म्हणजे 54 किलो नुसतं लाकूड. त्यात फेराइट चुंबकाचा स्पीकर 12 आणि हँडल-जाळी-चाकं 5 धरा, पेटी सत्तरीच्या पुढे गेली. ती छोट्या हत्तीत चढवायला आणखी दोन गडी लागतात. त्यांचे खेपेला 1,200 म्हणजे वर्षाला 16,800, आणि हप्ता बुडाला. 12 मिमीमध्ये, पॉपलरच्या (हलक्या लाकडाच्या) गाभ्याचा प्लाय आणि निओडिमियम स्पीकर घेतला की तीच पेटी चाळीस-बेचाळीस किलोंत बसते. फेराइटचा स्पीकर 17,000 ला मिळतो म्हणून मोह होईल. दोन्ही पेट्यांचे मिळून 14,000 जास्त जातील, तरी निओडिमियमच घ्या.

पातळ प्लाय सगळीकडे चालत नाही. हॉर्नच्या घशापाशी (स्पीकरलगतच्या अरुंद भागापाशी) आणि स्पीकरच्या मागच्या कप्प्यात हवेचा दाब सगळ्यात जास्त असतो, तिथे 18 मिमीच लावा. बाकी भिंतींना आतल्या घड्यांच्या फळ्याच टेकू देतात. जिथे फूटभरापेक्षा मोठी जागा मोकळी राहते तिथे आडवी पट्टी मारा. शीट विकत घेताना कडेने बघा, गाभ्यात पोकळी दिसली तर ती घेऊ नका, ती जागा पुढे गुणगुणत राहते. खानापूरच्या पावसात साधा एमआर (फक्त दमट हवा सोसणारा) प्लाय फुगतो, बीडब्ल्यूआर (पाण्याला जास्त टिकणारा) मागा. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) कापून घेतलंत तर घडीचे कोन नेमके येतात. हाती कापायचं असेल तर एक जादा शीट धरा.

आधी गोंद न लावता सगळं जुळवून पाहा. शेवटची बाजूची फळी बसवताना आतल्या प्रत्येक घडीच्या कडेला फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद सलग लागला पाहिजे. तिथे फट राहिली की हॉर्नच्या एका घडीतली हवा दुसरीत थेट पळते, बेस विरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बाहेरच्या सांध्यांसाठी 40 ते 60 हर्ट्झचा सूर हळू लावून उदबत्ती फिरवा, धूर थरथरला तिथे गळती. आतल्या सांध्यांसाठी दोन्ही पेट्यांचा इंपिडन्स (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) वेगवेगळ्या सुरांवर मोजा. आलेख जुळले नाहीत तर एकीत गळती असण्याची शक्यता आहे. स्पीकर लाकडी स्क्रूने नाही, टी-नट (लाकडात मागून ठोकायचा नट) आणि बोल्टने बसवा. उद्या धंदा बंद केलात तर घरगुती पेटीला कुणी विचारत नाही, स्पीकर आणि अँपचेच पैसे येतात.

हॉर्न म्हणजे अर्धा अँप वाचला, असं तुम्ही लिहिलंय. हे बरोबर, किंबहुना कमीच बोललात: 6 डेसिबल जास्त संवेदनशीलता म्हणजे चौथाई पॉवरमध्ये तेवढाच आवाज. पण 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, त्यापुढे एका पेटीचं तोंड फार लहान. दोन्ही पेट्या चिकटून, जमिनीवर ठेवा. मंडपाच्या दोन बाजूंना एकेक ठेवलीत तर खालचा बेस कमी येईल. आणि प्रोसेसरमध्ये हॉर्नच्या खालच्या मर्यादेपाशी 24 डेसिबलचा हायपास (त्याखालचे सूर अडवणारी गाळणी) लावून त्याला पासवर्ड टाका. त्या खाली हॉर्न स्पीकरच्या पडद्याला धरून ठेवत नाही, पडदा मोकाट हलतो आणि कॉईल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) जाते. लग्नातल्या पोरांनी बेसचं बटण पिरगाळलं की वर्षाचे दुरुस्तीचे 10,000 एका रात्रीत संपले.

विसर्जन आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांचं उत्पन्न मी धरलेलं नाही, तुम्हीही धरू नका. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद हा सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. सणांसाठी सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, तेही रात्री 12 पर्यंतच सूट देऊ शकतं.

एफडीला हात लावू नका, तो नऊ महिन्यांचा घरखर्च आहे. चातुर्मासात लग्नं थांबतात पण हप्ता थांबत नाही, म्हणून बचतीत उरलेल्या 60,000 पैकी चार हप्त्यांचे 16,000 बाजूला ठेवा.

महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजला साउंड भाड्याने नेलात तर उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, कारण ती सेवा आहे. पण पुढे पेट्या बांधून तिकडे विकायचा विचार लिहिलाय, तिथे सावध राहा. दुसऱ्या राज्यात माल विकला की पहिल्याच पेटीपासून नोंदणी सक्तीची.

बँकेकडे मुद्राचा अर्ज 'किशोर' गटात करा, तो 50,000 ते 5 लाखांचा आहे. बँक कोटेशन मागेल आणि घरी बांधलेल्या पेटीचं कोटेशन कुणी देत नाही. वापरलेल्या टॉपवरही बँक सहसा पैसे देत नाही. म्हणून स्पीकर, अँप आणि प्लायची कोटेशनं पक्क्या बिलाच्या दुकानातून घ्या. त्यांचे 1,27,000 होतात, कर्ज त्यावरच बसतं. टॉपचे पैसे घरच्या 60,000 मधून रोख द्या.